हात राखून

सकाळचे सहा वाजलेत. उन्हाला अजून अवकाश आहे.

पार्किंगमध्ये या. सावकाश या.

गाडी उभी आहे. काळी. काल संध्याकाळी धुतलेली, रात्रभर निवलेली.

तिच्याजवळ जा, पण हातात काही घेऊ नका. बाटल्या, पॅड, फडकी, मशीन, सगळं मागे भिंतीशी स्टुलावर मांडून ठेवलं आहे. असू द्या तिथे.

आधी एक श्वास. आत. बाहेर.

अख्खी गाडी बघायची नाही. डाव्या बाजूचं मागचं दार, तेवढंच. एक दार पुष्कळ आहे.

दारापुढे बसा. गुडघे कुरकुरत असतील तर पाट घ्या. डोळे मुठीच्या जरा खाली आले की स्थिर व्हा.

बघा.

नीट उजाडलेलं नाही. दार नुसतं काळं दिसतं. जुन्या विहिरीच्या पाण्यासारखं. त्यात तुमचा चेहरा आहे, मागचा खांब आहे, खांबावरचा फ्लॅटचा नंबर उलटा आहे. ओरखडा एकही नाही.

अशा उजेडात प्रत्येक गाडी नवी असते.

आता टॉर्च लावा. मोबाइलचाही चालेल. दारापासून हातभर लांब धरा.

आणि थांबा.

काळ्या पाण्यात एक दिवा उगवतो. त्याच्याभोवती बारीक चंदेरी रेघा. गोल, गोल, गोल. कोळिष्टकासारख्या. शेकडो.

त्यांच्याकडे बघत राहा. पुसायची घाई नको. वाईट वाटलं तर वाटू द्या.

टॉर्च जरा डावीकडे न्या. जाळंही डावीकडे येतं. वर न्या. तेही वर येतं. दिवा जिथे, तिथेच त्याच्याभोवती गोल.

मग हे गोल नेमके कुठे आहेत?

दारावर गोल नाहीतच. दारावर आहेत त्या सरळ, आडव्या, तिरप्या, वाटेल तशा गेलेल्या रेघा. दिव्याकडून येणाऱ्या किरणांना ज्या आडव्या पडतात तेवढ्याच चमकतात. बाकीच्या गप्प राहतात. चमकणारे तुकडे डोळा जोडतो, आणि आपल्याला गोल दिसतो.

टॉर्च बंद करा. गोल गेले. रेघा आहेत तिथेच आहेत.

पुन्हा लावा.

दोन-तीनदा एवढंच करा. लावा, बघा, बंद करा. या कामातला हा भाग मला सगळ्यात प्रिय आहे. अजून काही निवडायचं नसतं. नुसतं दिसू द्यायचं असतं.

श्वास घ्या.

*

या रेघा कशा आल्या असतील?

डोळे मिटा आणि रोजची सकाळ ऐका. बादलीची कडी वाजते. पाण्यात फडकं बुडतं, पिळलं जातं. मग टपावर, काचेवर, दारावर. सर्र. सर्र.

आदल्या गाडीची धूळ त्याच पाण्यात आहे, त्याच फडक्यात आहे. धुळीत वाळूचे कण असतात. वाळूचा कण म्हणजे गारगोटीच. खनिजांच्या कठीणपणाच्या दहा पायऱ्यांपैकी सातव्या पायरीवरची. गाडीचा वरचा थर तिच्यापुढे अगदी मऊ. फडकं फिरतं, फडक्याखाली कण फिरतो, मागे रेघ राहते.

गाडी पुसणाऱ्या काकांवर रागावू नका. सात वाजायच्या आत अख्ख्या विंगच्या गाड्या पुसून व्हायला हव्या असतात, आणि पाणी मोजकं मिळतं.

डोळे उघडा.

आता मुठीमागच्या वाटीत बघा. दार उघडताना बोटं जिथे शिरतात, त्या खोलगट जागेत. टॉर्च जवळ न्या.

इथे वेगळ्या खुणा आहेत. लहान, चंद्रकोरीसारख्या. काही उभ्या, काही एकमेकींवर चढलेल्या.

या नखांच्या आहेत.

इथून आई बसते. तिच्या अंगठीची एक कोर यात असेल. शाळेची बॅग पाठीवर घेऊन कुणी दोन्ही हातांनी दार ओढलं असेल. पावसात कुणी घाईने उघडलं असेल. सगळ्यांची बोटं याच वाटीत आलेली आहेत.

इथे जरा थांबा.

काही करू नका. बघा.

*

मुठीखाली, साधारण चार बोटांवर, एक लांब ओरखडा आहे. दोन विता लांब. मुठीकडून मागच्या चाकाकडे उतरत गेलेला. बाजारातल्या अरुंद गल्लीत झाला असावा. एखाद्या सायकलचं हँडल, एखाद्या पिशवीची कडी.

तो बघा. सुरुवात कुठे, शेवट कुठे.

आता उजव्या हाताच्या तर्जनीचं नख घ्या. ओरखड्याच्या वरच्या टोकाशी न्या. ओरखड्यातून चालवायचं नाही, त्याला आडवं न्यायचं आहे. दाबायचं नाही. पिसानं शिवावं तेवढंच.

नख सरकतं. काही लागत नाही.

जरा मागे या. पुन्हा आडवं. सरकतं.

अजून मागे. सरकतं.

शेवटच्या चार बोटांत पोहोचा. पुन्हा आडवं.

टक्.

ऐकलंत? अगदी बारीक. कानापेक्षा बोटालाच जास्त ऐकू येतं. नख अडलं.

एकाच ओरखड्यात दोन ओरखडे आहेत. पहिला, नखाला न जाणवणारा. दुसरा, चार बोटांचा, नख अडवणारा. डोळ्यांना दोन्ही सारखेच पांढरे दिसत होते.

पुन्हा एकदा नख फिरवा. जिथे अडतं ती जागा लक्षात ठेवा. तिच्याकडे आपण शेवटी येणार आहोत.

*

आता तळवा दारावर ठेवा. सपाट.

गार लागतं.

डोळे मिटा. तळव्याखाली काय आहे?

सगळ्यात तळाशी पोलादी पत्रा. त्यावर गंज रोखणारा थर. त्यावर करडा प्रायमर. मग काळा रंग, फारच पातळ. आणि सगळ्यात वर एक थर, ज्याला रंगच नाही. काचेसारखा. क्लिअर कोट.

गाडी काळी आहे, पण तुमचा तळवा काळ्या रंगाला टेकलेला नाही. मधे ही काच आहे.

हे सगळे थर मिळून जाडी साधारण १०० ते १२० मायक्रॉन. झेरॉक्सचा एक कोरा कागद मनात चिमटीत धरा. बोटं एकमेकांवर घासून बघा. जवळपास तेवढंच.

त्यातला क्लिअर कोट ४०-५० मायक्रॉनचा. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉनचा असतो. म्हणजे एका केसाहून पातळ थर ऊन, पाऊस, पाखरांची विष्ठा, काकांचं फडकं, सगळं झेलतो आहे. उन्हापासून रंगाला राखणारी द्रव्यंही याच थरात घातलेली असतात.

तळवा तसाच राहू द्या. श्वास घ्या.

आणि ओरखडा? तो या थरात पडलेली चर आहे. शेतात चर पडली, आणि बाहेरून माती आणायची नाही असं ठरलं, तर ती कशी बुजवाल? आजूबाजूचं सगळं शेत चरीच्या तळापर्यंत खाली आणावं लागेल.

पॉलिश करतं ते हेच. ओरखडा उचलून नेता येत नाही. त्याच्याभोवतीचा चांगला थर खाली आणावा लागतो, ओरखड्याचा तळ लागेपर्यंत. एकदा कंपाउंड फिरलं की साधारण एखाद-दोन मायक्रॉन जातात. गेलेले परत येत नाहीत.

टपावर पांढरे पापुद्रे सुटलेली गाडी तुम्ही पाहिली असेल. उन्हात वर्षानुवर्षं उभी राहिलेली. क्लिअर कोट संपला, फाटला, की तसं होतं. तिथे मग कुठलंच पॉलिश काम करत नाही.

तळव्याखालचा गारवा पुन्हा जाणवून घ्या. निवडायचं जे काही आहे, ते या केसाहून पातळ थरासाठी निवडायचं आहे.

*

उठा. स्टुलाकडे या.

ब्रेडची रिकामी पिशवी घ्या. पातळ असते ती. हातमोज्यासारखी हातात चढवा आणि बोटांची टोकं दारावरून फिरवा.

धुतलेलं दार उघड्या हाताला गुळगुळीत लागलं होतं. पिशवीतून खरखर लागते. रव्यावरून हात फिरावा तशी. धुण्यानं न निघालेलं काहीबाही रंगात रुतून बसलं आहे. ब्रेकची लोखंडी धूळ, डांबराचे कण.

क्ले बार घ्या. चिकणमातीच्या गोळ्यासारखा. दारावर साबणाचं पाणी शिंपडा आणि गोळा हलकेच सरकवा. सुरुवातीला अडखळतो, आवाज करतो. मग आवाज कमी होतो. मग होतच नाही.

आवाज थांबला की तुम्हीही थांबा. गोळा खाली पडला तर तो टाकून द्या. कितीही महाग असो.

दार पुसून कोरडं करा. आता बाटल्या बघू.

*

तीन बाटल्या आहेत. कंपाउंड. पॉलिश. फिनिशिंग पॉलिश.

पहिल्या बाटलीतला थेंब चिमटीत घ्या. चोळा. लोण्यासारखा लागतो.

बोट पुसा. तिसऱ्या बाटलीतला थेंब घ्या. चोळा. तोही लोण्यासारखाच.

बोटाला फरक कळत नाही. रंगाला कळतो.

दोन्हींत कण आहेत. बहुतेक वेळा ॲल्युमिनियम ऑक्साइडचे. माणिक आणि नीलम ज्या द्रव्याचे, त्याचीच ही भुकटी. वाळूपेक्षाही कठीण. पण कणाची जाडी किती, त्यावर सगळं आहे. आपल्या घरात याला नेमके शब्द आहेत. जाडा रवा, बारीक रवा, पिठी, वस्त्रगाळ. कंपाउंड बारीक रव्याच्या जागी धरा, पॉलिश पिठीच्या, आणि फिनिशिंग वस्त्रगाळ.

आजी तांब्या-पितळेची भांडी राखेनं घासायच्या, त्या आधी राख चाळून घ्यायच्या. एक खडा राहिला तर समईवर चरा. त्यांना हे सगळं ठाऊक होतं.

काही बाटल्यांतले कण घासता घासता फुटतात आणि आणखी बारीक होतात. त्यांना पुरतं घासू द्यावं लागतं, वरचा लेप पारदर्शक होईपर्यंत. काहींतले कण पहिल्यापासूनच इतके बारीक आणि एकसारखे असतात की ते तसेच राहतात. कुठली बाटली कशी, ते तिच्या पाठीवर लिहिलेलं असतं. वाचा. दोनदा वाचा. चष्मा लागत असेल तर लावा.

आता पॅड.

एक लोकरीचं आहे. हातात घ्या. केसाळ, उबदार. हे सगळ्यात जास्त कापतं.

एक मायक्रोफायबरचं. आखूड, दाट केसांचं. हेही कापणारं.

आणि फोमची दोन. एकेक घ्या. अंगठ्यानं दाबा. पहिलं लवकर दबत नाही, अंगठा काढला की उसळून वर येतं. दुसरं दबतं आणि हळूच, आळस दिल्यासारखं, फुलून येतं. जितकं कडक, तितकं कापणारं. जितकं मऊ, तितकं चमक देणारं.

पुन्हा दाबा. डोळे मिटून दाबा. हा अंदाज बोटांत राहू द्या.

रंगावर जाऊ नका. एकीचं केशरी पॅड मध्यम असतं, दुसरीचं केशरी कडक. कंपन्यांनी आपापले रंग ठरवले आहेत. अंगठा फसत नाही.

बाटली एकटी काही ठरवत नाही, पॅडही एकटं ठरवत नाही. तेच पॉलिश कडक पॅडवर कापतं, मऊ पॅडवर उजळतं. तीन बाटल्या आणि चार पॅड. किती जोड्या झाल्या?

गोंधळू नका. एक श्वास घ्या.

सगळ्यात मऊ पॅड उचला. सगळ्यात बारीक पॉलिश उचला.

इथूनच सुरू करायचं. दरवेळी. ओरखडा कितीही रागानं बघत असला तरी.

गॅरेजमध्ये म्हणतात, "साहेब, रबिंग मारून देतो." मारून. मला हे क्रियापद इथे सोसत नाही. केसाहून पातळ थरावर मारायचं काय?

हे मी शिकलो ते एका चुकीनं. बऱ्याच वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका गाडीच्या मडगार्डवर. हातात एकाच अक्षावर गोल फिरणारं रोटरी मशीन, लोकरीचं पॅड, सगळ्यात कडक कंपाउंड. ओरखडा अर्ध्या मिनिटात गेला. मी खूश होऊन तसाच कडेवर गेलो. कडेवर रंग मुळातच पातळ बसतो, आणि सगळा दाब तिथेच एकवटतो. मशीन उचललं तर कडेवर तांदळाच्या दाण्याएवढा करडा ठिपका. प्रायमर. मी त्याच्याकडे किती वेळ बघत होतो, आठवत नाही. पोटात काहीतरी खाली गेलं होतं.

तेव्हापासून कडांवर मी कागदी चिकटपट्टी लावतो. तुम्हीही लावा. दाराची कड, मधली घडी, रबराच्या पट्ट्या. हळू लावा. अंगठा फिरवून बसवा.

*

दारावर एक चौकोन ठरवा. दोन विता लांब, दोन विता उंच. लांब ओरखड्याचा वरचा भाग त्यात येऊ द्या. बाकीचं दार सध्या जगात नाही.

मशीन घ्या. हे रोटरी नाही. यातलं पॅड स्वतःभोवती फिरतं आणि त्याच वेळी डोलतंही. एका जागी ठाण मांडत नाही, म्हणून रंग चटकन तापत नाही. पॅड ज्या चकतीवर बसतं, तिच्या कडेवर मार्करनं एक रेघ ओढून ठेवा. रेघ फिरताना दिसली पाहिजे. फिरायची थांबून एका जागी थरथरू लागली, तर तुम्ही जास्त दाबता आहात.

पॅडवर चार थेंब. वाटाण्याएवढे. जास्त नको.

मशीन बंद ठेवूनच पॅड दारावर टेकवा, चौकोनभर ठिपके उमटवा. मग सुरू करा, सगळ्यात कमी वेगावर. लेप पसरू द्या. मग वेग वाढवा.

आणि आता हात सैल सोडा. खांदे खाली. जबडा सैल.

पॅड दाराला नुसतं टेकलेलं पुरे आहे. तुमचं वजन नको.

सहाणेवर गंध उगाळलं आहे तुम्ही कधी? खोड हातात धरलेलं असतं, पाण्याचा थेंब असतो, आणि हात गोल फिरत असतो. दाबलं तर खोड अडखळतं, उगाळलं जात नाही. सैल धरलं की गंध उतरतं. तसा हात.

एका श्वासाला अर्धी वीत. एवढीच चाल.

श्वास आत, अर्धी वीत. श्वास बाहेर, तिथेच जरा रेंगाळा. पुन्हा आत, अर्धी वीत.

आडवे पट्टे. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा. चौकोन संपला की उभे पट्टे. पुन्हा आडवे. पुन्हा उभे.

मनात विचार येईल, हात भरभर न्यावा. येऊ द्या. हात तोच वेग ठेवील.

आवाज ऐका. आधी ओलसर, जड घरघर असते. लेप पातळ होत गेला की तिचा पोत बदलतो, जरा कोरडी होते. तिथे थांबायचं.

मशीन बंद. पॅड पूर्ण थांबल्याशिवाय उचलू नका.

हाताची पाठ दाराला लावून बघा. कोमट? ठीक आहे. गरम लागत असेल तर बसा. पाणी प्या. दार निवू द्या. भर उन्हात हे काम करू नये ते यासाठीच. एप्रिल-मेमधल्या दुपारी बॉनेटवर थेंब टाकताक्षणी वाळून बसतो. आणि बंपर प्लास्टिकचा असतो, तो उष्णता पुढे जाऊच देत नाही, त्यामुळे तिथे आणखी जपून.

*

मऊ मायक्रोफायबरनं लेप पुसा.

काय सुंदर दिसतं. काळं, खोल, ओलं.

यावर विश्वास ठेवू नका अजून. पॉलिशमध्ये तेल असतं. ते रेघांत भरतं आणि रेघा लपतात. पातळ केलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल शिंपडा, दुसऱ्या स्वच्छ फडक्यानं टिपा. वास येतो, दवाखान्यासारखा. मग उडून जातो.

आता टॉर्च.

बघा.

दिवा उगवतो. त्याच्याभोवतीचं जाळं विरळ झालं आहे. निम्मं राहिलंय. मोठ्या रेघा आहेत.

चौकोनाबाहेर टॉर्च न्या. दाट जाळं. पुन्हा चौकोनात आणा. विरळ. दोन्हींच्या सीमेवर टॉर्च धरा आणि बघत राहा.

तुम्ही आताच केलंत हे. हात राखून.

पुढची पायरी. एका वेळी एकच गोष्ट बदला. पॉलिश तेच ठेवा, पॅड फोमचं कडक घ्या. पुन्हा चार थेंब. पुन्हा एका श्वासाला अर्धी वीत.

पुसा. टिपा. टॉर्च लावा.

जाळं गेलं.

दिवा एकटा आहे. काळ्या पाण्यात एक दिवा, भोवती काही नाही. खोलवर गेलेल्या दोन-तीन रेघा आणि तो लांब ओरखडा, एवढंच उरलंय.

म्हणजे या दारासाठी हे पॉलिश आणि हे पॅड. जाळ्यासाठी कंपाउंड वापरायची गरजच पडली नाही. तुमच्या गाडीला कदाचित लागेल. काहींचा क्लिअर कोट कठीण असतो, काहींचा इतका मऊ की फडक्यानंही खुणा पडतात. ते कुणी दुसरा सांगू शकत नाही, दुकानदारही नाही. चौकोन सांगतो.

बाकीचं दार याच जोडीनं करा. चौकोनामागून चौकोन. दर चौकोनानंतर पॅड ब्रशनं झाडा. पांढरी धूळ उडते.

ती धूळ बघा. पांढरी. गाडी काळी असून पांढरी. क्लिअर कोट आहे तो, आणि वाळलेलं पॉलिश.

बाबांच्या फिएटला असं नव्हतं. कुर्ल्याच्या कारखान्यातली प्रीमियर पद्मिनी, पण घरात सगळे तिला फिएटच म्हणत. रविवारी बाबा डब्यातलं पॉलिश फडक्यावर घेऊन बॉनेटवर फिरवायचे, आणि फडकं निळं व्हायचं. तेव्हाच्या त्या रंगावर काच नव्हती. रंगच फडक्यावर यायचा. मी ते निळं फडकं नाकाशी न्यायचो. मेणाचा आणि रॉकेलचा वास.

श्वास घ्या.

*

आता लांब ओरखडा.

वरचा भाग, जिथे नख सरकलं होतं. त्याच्यासाठी कंपाउंड घेऊ या. तीन इंची लहान पॅड, एक-दोन थेंब, आणि ओरखड्याच्या आजूबाजूला चार बोटं जागा. तेवढ्याच पट्ट्यात.

हळू. आडवं, उभं.

पुसा. बघा. ओरखडा गेला, आणि त्याच्या जागी धुकं आलं. आरशावर श्वास सोडावा तसं. कंपाउंडच्या स्वतःच्या रेघा आहेत त्या, फार बारीक. घाबरू नका. मघाचं पॉलिश, मघाचं पॅड. धुकं उठतं.

काळं पाणी परत येतं.

आणि खालची चार बोटं. जिथे टक् झालं होतं.

टॉर्च जवळ न्या. ओरखड्याच्या तळाशी बघा. करडं काही दिसतं? पत्र्याची चमक दिसते?

नाही. तळही काळाच आहे. रंग शाबूत आहे.

करडं दिसलं असतं तर टच-अपच्या बारीक ब्रशनं रंगाचा थेंब सोडावा लागला असता. पत्रा दिसला असता तर आजच्या आज. कोकणात, गोव्यात, समुद्राच्या खाऱ्या हवेत उघडा पत्रा वाट बघत नाही. गंज धरतो.

इथे तसं नाही. इथे एकच प्रश्न आहे. हा घालवायचा का?

घालवता येईल. २०००चा, ३०००चा वॉटर पेपर आहे, कंपाउंड आहे, लोकरीचं पॅड आहे. या चार बोटांच्या तळापर्यंत आजूबाजूचं शेत खाली आणायचं. केसाहून पातळ थरातला मोठा वाटा देऊन टाकायचा. चार बोटांसाठी.

उत्तर देऊ नका लगेच. नख पुन्हा एकदा त्यावरून न्या.

टक्.

मी तो राहू देतो.

त्याच्या दोन्ही काठांवरून पॉलिशचा हात एकदा फिरवतो. काठ जरा गोलावतात. धारदार काठावर उजेड फुटतो, गोल काठावरून तो घसरतो. ओरखडा आहे तेवढाच खोल राहतो, डोळ्यात मात्र कमी खुपतो. दोन पावलं मागे गेलात तर शोधावा लागतो.

पुरे.

*

मुठीमागची वाटी राहिली. तिथे मशीन जात नाही.

तर्जनीला मऊ फडकं गुंडाळा. त्यावर पॉलिशचा एक थेंब. वाटीत बोट घाला आणि गोल फिरवा. गंध लावताना फिरतं तसं.

बराच वेळ फिरवा. बोट दुखेल. थांबा. पुन्हा फिरवा.

चंद्रकोरी पुसट होतात. एकेक करून. आईच्या अंगठीची कुठली होती, आता सांगता येणार नाही. दुपारी ती देवळात जाईल, याच दारानं बसेल, आणि नवी कोर उमटेल.

चिकटपट्ट्या काढा. आवाज न करता, तिरप्या ओढत. मेणाचा पातळ हात द्या. वाळू द्या. पुसा.

आता मागे या. पुन्हा तिथेच बसा, पहिल्यांदा बसला होतात तिथे.

ऊन आलं आहे. पार्किंगच्या कठड्यावरून उतरत, जमिनीवरून सरकत, दारावर.

बघा.

दारात सूर्य आहे. गोल. त्याच्याभोवती काही नाही. खाली, चाकाच्या बाजूला, चार बोटांची एक रेघ चमकते आहे.

बसा अजून थोडा वेळ.

उद्या सकाळी काका येतील. त्यांच्या हातात दोन स्वच्छ फडकी द्या, आणि आधी पाणी मारायला सांगा.